पोस्टर, प्लॅकार्ड, होर्डिंग की प्लाक? कुठे कोणता शब्द वापरायचा

मराठीत बोलताना आपण सरसकट सगळ्याला बोर्ड म्हणून मोकळे होतो, पण इंग्रजीत बातमी किंवा अर्ज लिहायला घेतला की गाडी अडते. डिक्शनरीतले अर्थ पाठ करत बसू नका, ते वाचून गोंधळ वाढतोच. ती वस्तू कशाच्या आधारावर आहे ते बघा, निम्मं काम तिथेच होतं.

आधी बघा, कोणी हातात धरलंय का? मोर्चात काठीला पुठ्ठा लावून त्यावर घोषणा लिहिलेली असते ते प्लॅकार्ड, आणि एअरपोर्टवर ड्रायव्हर पाहुण्याचं नाव लिहून उभा असतो तेही प्लॅकार्डच. त्याच मोर्चात पुढे दोघांनी दोन टोकं धरून कापड ताणलेलं असेल तर मात्र बॅनर, मग ती टोकं माणसांनी धरलेली असोत नाहीतर खांबांना बांधलेली. चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्सही यातच घाला, बाहेरदेशी वाचणाऱ्याला फ्लेक्स लिहून काही कळणार नाही. कागद असेल आणि भिंतीला चिकटवलेला असेल तर पोस्टर, संपला विषय.

आता मोठा लोखंडी सांगाडा. इथे वाचणारा कुठला आहे ते बघावंच लागतं. 13 मे 2024 ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर कोसळून 17 जणांचा जीव घेणारं ते होर्डिंग 120 बाय 120 फुटांचं होतं, महापालिकेची मर्यादा 40 बाय 40 ची असताना, आणि ती बातमी आपल्याकडच्या इंग्रजी पेपरांनी होर्डिंग म्हणून दिली तर परदेशातल्यांनी बिलबोर्ड म्हणून. कारण अमेरिकेत होर्डिंग म्हटलं की लोकांना साठेबाजी आठवते, आणि ब्रिटनमध्ये जाहिरातीच्या फलकाबरोबरच बांधकामाभोवती जे पत्रे ठोकतात त्या कुंपणालाही होर्डिंगच म्हणतात. म्हणून अमेरिकेतल्या माणसाला लिहिताना बिलबोर्डच लिहा.

भिंतीत कायमचं बसवलेलं, कोणाची तरी आठवण सांगणारं असेल तर प्लाक. लंडनला गेलात तर 10 किंग हेन्रीज रोडला नक्की जा, डॉ. आंबेडकर 1921-22 मध्ये तिथे राहत होते असं सांगणारा निळा गोल प्लाक दर्शनी भिंतीवर आहे, आणि हौली प्लेसला तसाच लोकमान्यांचाही आहे, ते 1918-19 मध्ये तिथे राहिले होते. बघताना ऊर भरून येतो. आपल्या दारावर असते ती मात्र नेमप्लेट, तिला प्लाक म्हणू नका.

आधार बघूनही कळलं नाही तर मजकूर बघा. चालता चालता नजर टाकून कळतं ते साइन, जसं नो पार्किंग. थांबून वाचावं लागतं ते नोटीस, उद्या पाणी येणार नाही वगैरे, आणि ती लावतात तो नोटीस बोर्ड, अमेरिकेत बुलेटिन बोर्ड. दुकानाच्या नावाचा साइनबोर्ड, रस्त्याच्या फाट्यावर बाण दाखवणारा खांब साइनपोस्ट. हॉस्पिटल किंवा स्टेशनमधल्या सगळ्या साइन मिळून साइनेज, आणि त्याचं अनेकवचन होत नाही, त्यामुळे कोटेशन मागवताना साइनेजेस असं लिहू नका, किती हव्यात ते सांगायचं असेल तर साइन्स लिहा आणि आकडा टाका.