स्वस्तातला शॉकअप: कसा निवडावा, कसा टिकवावा

शॉकअप म्हणजे सायकलचं पुढचं चाक धरणारा, आत स्प्रिंग असलेला चिमटा. दुकानात गेल्यावर पोरं आधी हँडलवर जोर देऊन तो दाबून बघतात. खाली-वर झाला की सायकल पसंत! फरशीवर दाबून एवढंच कळतं की आत स्प्रिंग आहे. नळ्या बुशमध्ये (त्या ज्यात सरकतात त्या कड्यांत) किती सैल आहेत आणि बिघडल्यावर हा चिमटा उघडता येतो का, हे दाबून कळत नाही. घ्यायचं की नाही हे मात्र याच दोन गोष्टींवर ठरवायचं.

मुळात हवा का?

कोल्हापुरात रंकाळा, विद्यापीठ रस्ता, कॉलेज ते घर एवढीच फेरी असेल तर नको. साधा लोखंडी चिमटा सव्वा किलोच्या आसपास भरतो, स्वस्त शॉकअप अडीच किलोच्या आसपास. तो जास्तीचा सव्वा किलो पन्हाळ्याच्या चढाला तुम्हीच ओढणार. शहरातल्या खड्ड्यांना 2.1 इंची टायर आणि त्यात 30-35 पीएसआय हवा हा जास्त चांगला इलाज. उसाच्या ट्रॉल्यांनी चाकोऱ्या पाडलेल्या पाणंदी आणि मसाई पठारासारखा खडकाळ भाग नेहमीचा असेल, तर मात्र शॉकअपचा उपयोग होतो.

मागे-पुढे दोन्हीकडे शॉक असलेली सर्वांत स्वस्त सायकल टाळाच. मागच्या सांध्याचे बुश ढिले झाले की सगळी फ्रेम डुलते.

निवडताना

आधी मापं. चाक 26, 27.5 की 29 इंची? हँडलमध्ये जाणारी नळी बिनआट्याची की आट्याची? हल्लीच्या बहुतेक साध्या फ्रेमना 28.6 मिमीची सरळ, बिनआट्याची नळी लागते. खाली रुंद होणारी टेपर्ड नळी सरळ फ्रेममध्ये बसत नाही. जुन्या चिमट्याची नळी मोजा आणि नवी तेवढी किंवा जास्त लांब घ्या. लांब नळी कापता येते, तोकडी जोडता येत नाही. डिस्क ब्रेक असेल तर डाव्या पायाला कॅलिपरचे (डिस्क पकडणाऱ्या ब्रेकचे) कान हवेत. व्ही-ब्रेक असेल तर पुढच्या खुंट्या आहेत का बघा. अनेक नव्या चिमट्यांना त्या नसतात.

मग ट्रॅव्हल, म्हणजे चिमटा किती दबतो. 80 किंवा 100 मिमीसाठी बनलेल्या फ्रेमला 120 मिमी लावला की पुढचा भाग उचलला जातो. साधारण 20 मिमी वाढीमागे हँडलचा कोन एक अंशाने मागे कलतो आणि चढाला पुढचं चाक भरकटतं.

सनटूरच्या एक्ससीएम 32, एक्ससीएम 34 अशा नावांतला आकडा आतल्या नळीचा व्यास सांगतो. बारीक नळी ब्रेक मारल्यावर मागे वाकते. लॉकआउट, म्हणजे चिमटा दबू नये म्हणून लावायचं कुलूप, हायड्रॉलिक असेल तर उत्तम. नुसतं यांत्रिक असेल तर ते फक्त चढासाठी आहे असं समजा. कुलूप लावलेलं विसरून घाटात खड्ड्यात आदळलात तर आतला प्लास्टिकचा भाग तुटू शकतो.

शेवटी चिमटा उलटा धरा. पायांच्या तळाशी ऍलन बोल्ट किंवा नट दिसले तर तो उघडता येतो. तळ नुसता बंद किंवा रिवेट मारलेला असेल तर घेऊ नका. त्याची सर्व्हिसिंग होत नाही, तो फक्त बदलला जातो.

बसवल्यावर: सॅग

सॅग म्हणजे तुमच्या वजनाने चिमटा किती दबतो ते. वरच्या चकचकीत नळीला, सीलला (खालच्या पायाच्या तोंडाशी असलेल्या रबरी कड्याला) टेकवून झिप टाय बांधा. रोजच्या कपड्यांत, बॅगेसकट, हळूच बसा, न हलता उतरा. टाय किती सरकली ते मोजा. 100 मिमीच्या चिमट्याला 20 ते 25 मिमी ठीक. जास्त दबत असेल तर प्रीलोडचा नॉब आवळा. पण नॉबने स्प्रिंग कडक होत नाही, ती फक्त आधीच थोडी दाबून बसवली जाते. पूर्ण आवळूनही 35 मिमी दबत असेल तर स्प्रिंगच कडक लागेल. काही मॉडेलना ती वेगळी मिळते. हवेचा चिमटा असेल तर शॉकचाच पंप वापरा. टायरच्या पंपाने हवेचा अंदाज येत नाही.

देखभाल

स्वस्त चिमट्यात तेल नसतं, ग्रीस असतं, आणि कारखान्यातून ते बेतानेच येतं. पावसाळ्यात गगनबावड्याकडे दोन फेऱ्या झाल्या की सील ओलांडून पाणी आत जातं, ग्रीस धुऊन निघतं, लाल माती पेस्ट होऊन बुश खाते. वॉशिंग सेंटरचा फवारा सीलवर मारणं हे त्याहून वाईट. सीलवर डब्ल्यूडी-40 मारू नका, होतं ते ग्रीसही पातळ होऊन निघून जातं.

राइडनंतर कोरड्या फडक्याने नळ्या पुसा. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा चिमटा उघडा:

1. पुढचं चाक आणि कॅलिपर काढा. डिस्क बाजूला ठेवा, तिला ग्रीसचा हात लागता कामा नये. प्रीलोड पूर्ण सैल करा.
2. सायकल उलटी करून तळाचे बोल्ट-नट सैल करा. बोल्टबरोबर आतला दांडा नुसताच फिरत असेल तर कुणाला तरी चिमटा दाबून धरायला सांगा, मग तो अडकतो.
3. नट असेल तर तो दांड्याच्या टोकावर ठेवूनच रबरी हातोडीने हलकेच ठोका. थेट आट्यांवर ठोकलंत तर आटे मोडतील. मग खालचे पाय ओढून काढा.
4. सगळं फडक्याने पुसा. रॉकेल-पेट्रोल नको, सील फुगतात. नळीवर नख फिरवा. नख अडकलं तर 2000 नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून तेवढीच धार मोडा.
5. प्रत्येक पायात वर आणि खाली बुश असतं. लांब काठीच्या टोकाने प्रत्येक बुशवर हरभऱ्याएवढं सिलिकॉन किंवा सस्पेन्शनचं ग्रीस फिरवा, सीलच्या आतल्या ओठातही भरा. बेअरिंगचं ग्रीस ठासू नका. तळाशी गोळा साचला तर चिमटा पूर्ण दबत नाही.
6. जोडताना सीलचा ओठ आत दुमडू देऊ नका. बोल्ट कंपनीच्या पत्रकाप्रमाणे आवळा. बहुतेकांना 8 ते 10 न्यूटन-मीटर पुरतं. जास्त ताकद लावली की पायातले आटे जातात.

खडखड कुठली?

पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा. बोट हँडलच्या कपावर ठेवून हलकं जाणवलं तर दोष हेडसेटचा, म्हणजे हँडलची नळी ज्यात फिरते त्या बेअरिंगचा: स्टेमचे (हँडल धरणाऱ्या तुकड्याचे) बाजूचे बोल्ट सैल करा, वरचा बोल्ट थोडा आवळा, मग बाजूचे पुन्हा आवळा. बोट सीलपाशी ठेवून जाणवलं तर बुश झिजलंय. उद्यमनगरात लेथवर पितळी बुश करून मिळेल, मोह होतो. पण वरचं आणि खालचं बुश एका रेषेत बसलं नाही तर ते नळीवरचा क्रोम ओरबाडतं. सुटं बुश मिळत नसेल तर चिमटाच बदललेला बरा.

ब्रेक मारताना वरच्या मुकुटात (दोन्ही पाय जोडणाऱ्या भागात) करकर येत असेल तर दाबून बसवलेली नळी ढिली झाली आहे. तिला वेल्डिंग करू नका. असा चिमटा घाटात अजिबात नेऊ नका, त्याच दिवशी काढून टाका.