फिडलची आडवाटेची धून बँजोवर कशी बसवावी

आधी वाद्याचा खुलासा करतो. नाशकात बँजो म्हटलं की वरातीपुढची, बटणं दाबून वाजवायची बेंजो पार्टी आठवते. मी बोलतोय ते पाच तारांच्या, चामड्याच्या तोंडाच्या अमेरिकन बँजोबद्दल. आणि फिडल म्हणजे लोकसंगीतात वाजतं ते व्हायोलिनच. वाजवायचा क्लॉहॅमर पद्धतीने: नखाच्या पाठीने तार खाली मारायची आणि अंगठ्याने पाचवी, आखूड तार छेडायची.

धुना शोधायला अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर जा. व्हर्जिनियातल्या ग्लेन लिनचे फिडलवादक हेन्री रीड (1884–1968) यांचं वादन ॲलन जबूर यांनी 1966-67 मध्ये ध्वनिमुद्रित केलं, ते तिथे फुकट ऐकता येतं. सगळ्यांनी वाजवून गुळगुळीत केलेल्या धुना सोडा आणि यादीत खाली जा. पट्टी नेमकी जुळेलच असं नाही, कधी दोन सुरांच्या मधे अडकलेली असते. मोबाइलवरच्या ॲपने ती थोडी वरखाली करा, लयही निम्मी करा.

बँजो मात्र अजून खोक्यातच राहू द्या. आधी मात्रा मोजायच्या.

सरळ धुनेचा एक भाग एकदा वाजला की पायाचे 16 ठोके होतात, म्हणजे तीनतालाचं एक आवर्तन. असे दोन भाग, प्रत्येक दोनदा. माझा भाचा एरवी ढोल पथकात असतो, पण तबलाही बरा वाजवतो. त्याला मी तीनतालाचा ठेका धरायला लावतो आणि रेकॉर्डिंग सोडतो. तिसऱ्या आवर्तनाला तो थांबतो, "मामा, तुझा फिडलवाला एक मात्रा जास्त घेतोय!" अशी धून सापडली की मला आनंद होतो. कुठे 17 मात्रा, कुठे 15, कुठे शेवटच्या सुरावर दोन मात्रा उगाच रेंगाळणं. वेस्ट व्हर्जिनियाच्या एडन हॅमन्स यांचं वादन लुई चॅपेल यांनी 1947 मध्ये मुद्रित केलं, ते ऐका. माणूस एकटा वाजवतोय, कुणासाठी थांबायचं कारण नाही. ही जास्तीची मात्रा छाटून धून सोळात बसवणारे बरेच आहेत. माझ्या मते त्यांनी सरळ दुसरी धून घ्यावी. अख्खी गंमत त्या मात्रेत आहे.

मात्रा पक्क्या झाल्या की धून सरगममध्ये गुणगुणा आणि वहीत लिहा. भातखंडे पद्धत उत्तम चालते: मंद्र सप्तकातल्या सुराला खाली टिंब, तार सप्तकातल्याला वर. जे गाता येत नाही ते बोटांतही येणार नाही.

आता खरी कापाकापी. फिडलवाला एका मात्रेत चार सूर काढतो, चौगुनीत. क्लॉहॅमरमध्ये त्या चार जागांचं वाटप ठरलेलं आहे. पहिली जागा नखाची. दुसरी रिकामी ठेवा, किंवा डाव्या हाताचं बोट पडद्यावर आपटून वा तार ओढून सूर काढा. तिसरी पुन्हा नखाची, तिथे सूर तरी येतो किंवा तारांवरून झाडल्यासारखा फटका. चौथी अंगठ्याची, पाचव्या तारेवर. म्हणजे चौथा सूर बहुतेक वेळा सोडूनच द्यायचा. हात आखडू नका, पाचवी तार तानपुऱ्यासारखी मागे वाजत राहते आणि ऐकणाऱ्याचा कान तो सूर स्वतःच भरून घेतो. अपवाद एकच: फिडलच्या गजाचा जोर नेमका चौथ्यावर पडत असेल तर अंगठा आतल्या तारेवर उतरवून तो सूर घ्या. सगळेच सूर कोंबले तर गजाची लय मरते आणि शिलाई मशीन चालल्यासारखं वाटतं.

तारा कशा मिळवायच्या हे धुनेची पट्टी आणि गंधार पाहून ठरवा. खाली क्रम पाचव्या तारेपासून पहिलीपर्यंत आहे. शुद्ध गंधाराची, जी किंवा ए पट्टीतली धून असेल तर जी-डी-जी-बी-डी, म्हणजे सा प सा ग प. डी पट्टीसाठी जी-सी-जी-सी-डी, म्हणजे प सा प सा रे, आणि दुसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा. ए पट्टीलाही कॅपो तिथेच. कॅपो लावला की पाचवी तार जी सुरावरून ए सुरावर चढवायला विसरू नका.

कोमल निषादाच्या, गंधार धड कोमल नाही धड शुद्ध नाही अशा धुना मला सर्वांत आवडतात. त्यांना जी-डी-जी-सी-डी, म्हणजे सा प सा म प. मोकळ्या तारांत गंधारच नाही, त्यामुळे भांडण मिटतं. फिडलला पडदे नसतात, तो मधली श्रुती सहज घेतो. आपण तिसऱ्या तारेवर कॅपोपासून तिसऱ्या पडद्यावर बोट दाबायचं आणि तार किंचित बाजूला ओढायची. किती ओढायची ते रेकॉर्डिंग लावून कानानेच ठरवा, ट्यूनर इथे कामाचा नाही.

धुनेच्या वरच्या भागात फिडल फार उंच जातं. आपण तो भाग एक सप्तक खाली आणतो, पण मग दोन्ही भाग एकाच उंचीवर येतात आणि चढ जातो. म्हणून वरच्या भागाचं पहिलं वाक्य तरी पहिल्या तारेवर वर वाजवा. ए पट्टीत कॅपोपासून पाचव्या पडद्यावर तार सा, सातव्यावर रे, नवव्यावर ग. तेवढं घेऊन खाली उतरा.

सामानाचं थोडक्यात. बँजोच्या तारा इथल्या दुकानांत सहसा मिळत नाहीत. गिटारची दहा नंबरची साधी तार घ्या, टोकाची पितळी गोळी पकडीने दाबून काढा, उरलेला फासा बँजोला चालतो. पहिली आणि पाचवी दोन्ही त्यातच होतात. खरं चामडं असेल तर पावसाळ्यात सैल पडतं, घोडी खाली बसते आणि तारा पडद्यांवर खरखरतात. नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायाला गोदावरीचं पाणी लागलं की मी चावी घेऊन कडेचे नट पाव-पाव फेरा आवळतो, समोरासमोरचे जोडीने. प्लास्टिकच्या तोंडाला ही कटकट नाही, पण त्याचा आवाज मला चकचकीत वाटतो.

साथीला तबलजी बसवलात तर ठेका धरू देऊ नका. नुसत्या टाळीने मात्रा द्यायला सांगा, नाहीतर सवयीने तो सोळा मात्रा संपताच समेला येणारच.