पणजोबांच्या पदकाची कड आधी वाचा

पहिल्या महायुद्धात लढलेल्या पूर्वजाचा शोध घ्यायचा असेल तर सुरुवात ट्रंकेतल्या पदकापासून करा. ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर बारीक अक्षरांत सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंगाने वाचा, फोटो काढा. कृपा करून ती कड घासू नका, अक्षरं झिजली की माग कायमचा पुसला जातो.

नाव मिळालं तरी खरा आधार नंबर आणि पलटणीचाच. साहेबांच्या कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलं, त्यामुळे पवारांचे ‘पोवार’ आणि शिंद्यांचे ‘सिंदे’ झालेले सापडतात. आडनावाची सगळी रूपं शोधून पाहा.

पणजोबा युद्धात मारले गेले असतील, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. अनेक नोंदींत वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हाही असतो. परत आलेल्यांची नावं तिथे नसतात, हे लक्षात ठेवा.

पलटणींची नावं 1922 मध्ये बदलली, हेही ध्यानात असू द्या: 117वी मराठा त्यानंतर पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पाचवी बटालियन झाली. पलटण कळली की ती कुठे लढली ते शोधता येतं. 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी आजच्या इराकमध्ये, बसऱ्याच्या उत्तरेकडे असलेल्या कुत शहराच्या वेढ्यात अडकल्या होत्या. 29 एप्रिल 1916 ला तिथल्या फौजेने शरणागती पत्करली आणि हजारो शिपाई तुर्कांच्या कैदेत गेले. घरात ‘बसऱ्याला गेले होते’ एवढीच आठवण असेल, तर ही शक्यता जरूर तपासा.