चवथ, मुक्तिदिन, नाताळ: सुट्टीच्या पगारात या चुका टाळा

डिसेंबरचा पगार जानेवारीत हातात पडला की गोव्यात एक भांडण ठरलेलं. १९ला मुक्तिदिन, २५ला नाताळ, दोन्ही दिवस हॉटेलं फुल्ल, दुकानांत पाय ठेवायला जागा नाही, पोरं दिवसभर राबलेली, आणि स्लिपवर आकडा मात्र नेहमीचाच. मालक म्हणतो महिन्याचा पगार पूर्ण दिलाय ना, स्टाफ म्हणतो डबल कुठाय, आणि कागद दोघांकडेही नाही. यातली बरीच भांडणं लबाडीची नसतात, आधी हिशोब न बोलल्याची असतात. लबाडीची पण असतात म्हणा, त्यावर येतोच.

व्हॉट्सअ‍ॅपवरची यादी खरी धरणं

दरवर्षी जानेवारीत सुट्ट्यांची एक यादी फिरते. त्यात सरकारी ऑफिसांच्या सुट्ट्या, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याखाली बँकांना मिळणाऱ्या सुट्ट्या, मर्यादित म्हणजे ज्याने त्याने निवडून घ्यायच्या सुट्ट्या, सगळी खिचडी. खासगी नोकरीवाल्याने यातली भलतीच यादी दाखवून एचआरशी वाद घातला की तो पहिल्याच मिनिटाला हरतो. गोवा सरकार व्यापारी आणि औद्योगिक कामगारांच्या पगारी सुट्ट्या वेगळ्या जाहीर करतं आणि ती यादी बरीच छोटी असते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, १९ डिसेंबर, आणि चवथ म्हणजे गणेश चतुर्थी, नाताळ असे मोजके मोठे सण. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त, शाळा बंद, सरकारी ऑफिस बंद, पण म्हणून वेर्ण्याची किंवा कुंडईची फॅक्टरी बंद असलीच पाहिजे असं होत नाही. गावची जत्रा, शिगमो, पावसातलं सांजांवचं फेस्त हे घरच्यासाठी कितीही मोठं असलं तरी तिथे स्वतःची रजाच टाकावी लागते.

मालक लोक उलटी चूक करतात. तीन राष्ट्रीय सुट्ट्या दिल्या की संपलं, बाकीचं 'आमच्या लायनीत नसतं'. १ मे तर कितीतरी दुकानदारांच्या खिजगणतीतच नाही, जी सुट्टी कामगारांच्याच नावाची! उपाय सोपा आहे, त्या वर्षीची गॅझेटमधली अधिसूचना काढायची, त्यातला कामगारांचा भाग बघायचा आणि प्रिंट काढून हजेरीच्या रजिस्टरशेजारी चिकटवायची.

'पगार तर देतोच ना'

सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात म्हणून जरा सावकाश बघू. पगारी सुट्टी म्हणजे घरी बसलो तरी त्या दिवसाचे पैसे मिळणार. म्हणजे महिन्याच्या पगारात तो दिवस आधीच धरलेला आहे. मग जो घरी न बसता कामावर आला, त्याला जर तेवढाच पगार दिला तर त्याचं त्या दिवसाचं काम फुकट गेलं की नाही? घरी झोपलेला आणि नाताळला किचनमध्ये उभा राहिलेला, दोघांना सारखेच पैसे.

समजा पगार १५,६०० रुपये. २६ दिवसांनी भागलं तर दिवसाचे ६०० होतात. मुक्तिदिनाला काम केलं तर १५,६०० अधिक ६००, म्हणजे १६,२००. याला लोक 'डबल' म्हणतात कारण त्या एका दिवसाचे एकूण १,२०० होतात. इथे दोन्हीकडून घोळ होतो बघा. काही पोरांना वाटतं डबल म्हणजे पगारावर आणखी १,२०० मिळणार, आणि काही मालक रोजंदारीवाल्याच्या हातावर ६०० टेकवतात आणि सांगतात हे घे सुट्टीचे पैसे. अरे ते तर तो आला नसता तरी मिळायला हवे होते! रोजंदारीवाला आला तर १,२००, न आला तर ६००, असा सरळ हिशोब. आणि 'डबल' या शब्दावर विसंबून राहू नका, रुपयांत आकडा लिहून घ्या.

दुसरी गंमत भागाकाराची. गैरहजेरीचे कापताना २६ने भागायचं म्हणजे ६०० कापता येतात, आणि सुट्टीचे जादा देताना ३०ने भागायचं म्हणजे ५२० द्यावे लागतात. हीच ती लबाडी. किमान वेतनाच्या हिशोबात महिना २६ दिवसांचा धरतात, पण तुमच्याकडे जो आकडा ठरलाय तो घेताना आणि देताना एकच हवा, एवढं तरी धरून ठेवा. स्लिप घेऊन बसा आणि स्वतः भागून बघा, फोनमध्ये कॅल्क्युलेटर आहेच.

आणि सुट्टीच्या दिवशी आठ तासांची ड्युटी संपून वर आणखी चार तास थांबवलं तर ते ओव्हरटाइम वेगळं, त्याचा दर दुप्पट. सुट्टीचे दिले म्हणून ओव्हरटाइम माफ होत नाही.

तोंडी कॉम्प ऑफ

पैसे नकोत, बदली सुट्टी देतो, असं पात्रांव म्हणजे मालक सांगतो. ठीक आहे, सीझनमध्ये ते समजण्यासारखं आहे, छोट्या शॅकवाल्याला चवथीला सगळ्यांना सोडणं परवडतच नाही. पण ती बदली सुट्टी पगारी असायला हवी आणि कधी घ्यायची ते लिहिलेलं हवं. नाहीतर डिसेंबरची सुट्टी 'बघू नंतर' करत पावसाळ्यात जाते, तोवर मॅनेजर बदललेला असतो आणि नवा म्हणतो मला काही माहीत नाही. त्याच दिवशी एक मेसेज टाका, 'आज मुक्तिदिनाची ड्युटी केली, बदली सुट्टी बाकी आहे'. समोरून नुसतं ओके आलं तरी चालेल.

रात्रीची शिफ्ट

२४ला रात्री दहाला आलेला माणूस २५ला सकाळी सहाला सुटतो, मग त्याने नाताळला काम केलं की नाही? कायद्यात आठवड्याच्या सुट्टीपुरतं याचं उत्तर आहे, शिफ्ट मध्यरात्रीपलीकडे जात असेल तर शिफ्ट संपल्यापासून सलग २४ तास ही सुट्टी. सणाच्या सुट्टीलाही हाच नियम लावून टाका आणि रोस्टरवर आधीच लिहा. सुट्टी रविवारी म्हणजे साप्ताहिक सुट्टीच्याच दिवशी आली तर सोमवार आपोआप मिळतो असं समजू नका, कंपनीच्या नियमात असेल तरच.

'तो आमचा नाही, ठेकेदाराचा आहे'

सिक्युरिटी, हाउसकीपिंग, लोडिंगवाले, यांच्या सुट्टीच्या पैशांवर सगळे हात झटकतात. पण ठेकेदाराने पगार दिला नाही तर शेवटी जबाबदारी मूळ मालकावर येते, नंतर त्याने ठेकेदाराच्या बिलातून वसूल करावं. दोडामार्ग-सावंतवाडीहून रोज येणाऱ्या पोरांना हे कोणी सांगतच नाही. नोकरी सोडली किंवा काढून टाकलं तरी बाकी पैसे बुडत नाहीत, २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या वेतन संहितेत असा हिशोब दोन कामाच्या दिवसांत मिटवायचा आहे.

मतदानाचा दिवस

ही सुट्टी लोक विसरतात कारण ती यादीत छापलेली नसते. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १३५ब. ज्याला मत आहे त्याला त्या दिवशी पगारी सुट्टी, रोजंदारीवाल्यालासुद्धा, पगार कापायचा नाही. न देणाऱ्या मालकाला दंड मात्र फक्त ५०० रुपयांपर्यंत, त्यामुळे कोणी घाबरत नाही ते सोडा. जिथे माणूस नसला तर धोका किंवा मोठं नुकसान होईल तिथे सूट आहे, पण बिलिंग काउंटर त्यात बसत नाही हो. २०२३च्या १० मेला कर्नाटकात मतदान होतं म्हणून गोवा सरकारने इथे पगारी सुट्टी जाहीर केली तेव्हा उद्योगवाल्यांनी केवढा आरडाओरडा केला होता.

बोलून, लिहून काही होत नसेल तर पणजीत पाटोवर श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांचं ऑफिस आहे. जाताना पगाराच्या स्लिपा, रोस्टरचा फोटो, बँक स्टेटमेंट आणि ते ओकेवाले मेसेज घेऊन जा, आणि किती रुपये बाकी आहेत तो आकडा एका कागदावर तारखांसकट मांडून न्या.