बफेलोतला हिवाळा: सेबर्सचा सामना, विंग्ज आणि एक ठरलेलं टेबल

युनिव्हर्सिटीत शिकायला किंवा हॉस्पिटलात नोकरीला बफेलोत आलेली आपली मंडळी पहिला बर्फ पडला की विचारतात, "ताई, इथले लोक हिवाळ्यात करतात तरी काय?" मी सांगते, सेबर्सची, म्हणजे इथल्या संघाची, आइस हॉकी बघतात आणि विंग्ज, म्हणजे कोंबडीचे तळलेले पंख, खातात. हे मी अगदी मनापासून सांगते. मी इथे आले तेव्हा बर्फ आणि ऑफिस यापलीकडे मला गाव माहीत नव्हतं, आणि गावाला मी. ओळख झाली ती या दोन गोष्टींमुळेच. म्हणून नव्याने आलेल्यांसाठी जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक सल्ला: पहिला सामना टोरोंटोविरुद्धचा निवडू नका. टोरोंटो इथून गाडीने जेमतेम दोन तासांवर. तिथल्या मेपल लीफ्स संघाचे चाहते सीमा ओलांडून झुंडीने येतात, तिकिटं चढतात आणि आपल्याच गावात आपल्या संघाचा आवाज दबतो. तो माहोल बघण्यासारखा असतो, पण नंतर. पहिल्यांदा मंगळवार-बुधवारचा, लांबच्या एखाद्या संघाविरुद्धचा सामना घ्या. तिकिटाचा दर दिवसावर आणि प्रतिस्पर्ध्यावर ठरतो, त्यामुळे तो स्वस्त पडतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या दिवशी आजूबाजूला बसलेले लोक वर्षानुवर्षं येणारे असतात. तुम्ही नवखे आहात हे कळलं की ते स्वतःहून समजावून सांगतात. मला ऑफसाइडचा नियम नवऱ्याने नाही शिकवला, शेजारच्या खुर्चीतल्या साउथ बफेलोच्या आजोबांनी शिकवला.

आणि पुढच्या वेळी त्याच भागातलं तिकीट काढा. दर वेळी नवी जागा, नवा कोन हे फोटोसाठी ठीक आहे. पण तेच चेहरे पुन्हा दिसले की बोलणं पुढे सरकतं. खाण्याच्या जागेचंही तसंच, त्याकडे येतेच.

कुठे बसायचं, काय बघायचं

सेबर्स कीबँक सेंटरमध्ये खेळतात. डाउनटाउनच्या दक्षिण टोकाला, पाण्याजवळ, १९९६ पासूनचं हे स्टेडियम, एकोणीस हजारांच्या आसपास माणसं मावतात. पैसे जपून वापरायचे असतील तर वरचा, ३०० क्रमांकाचा मजला घ्या. पायऱ्या चढत्या आहेत, गुडघे दुखत असतील तर सांभाळून. पण नवख्याला वरूनच खेळ नीट कळतो. काचेजवळ बसलात तर खेळाडू भिंतीवर आदळल्याचा आवाज छातीत जाणवतो, मात्र पक कुठे गेला ते समजत नाही. पक म्हणजे कडक रबराची चकती, ३ इंच रुंद, १ इंच जाड, गोठवून वापरतात म्हणजे उडत नाही. नजर चकतीवर ठेवायचा हट्ट धरू नका, खेळाडूंच्या हालचालीकडे बघा. चकती कुठे आहे ते त्यावरून कळतं.

आपल्याकडच्या मैदानी हॉकीची सवय असेल तर काही गोष्टी चटकन लक्षात येतील, काही नाही. प्रत्येकी २० मिनिटांचे तीन भाग. बर्फावर एका संघाचे पाच जण आणि गोलकीपर. खेळाडू चालू खेळातच बदलतात, साधारण पाऊण मिनिट जीव तोडून खेळायचं आणि उडी मारून बाकावर. निळ्या रेषेच्या आत चकतीच्या आधी हल्ला करणारा खेळाडू गेला की ऑफसाइड. आपल्या अर्ध्यातून चकती थेट पलीकडच्या गोलरेषेपार भिरकावली तर आइसिंग; मग चकती परत तुमच्या गोलजवळ येते आणि दमलेल्या खेळाडूंना बदलता येत नाही. हा शेवटचा भाग फार महत्त्वाचा आहे. आइसिंगनंतर पाय जड झालेले पाच जण बर्फावर अडकलेले दिसले की समजा, गोल होण्याची वेळ आली. किरकोळ दंडासाठी २ मिनिटं एक माणूस बाहेर, आणि त्या वेळात मात्र त्याच्या संघाला आइसिंग माफ. एवढं कळलं की पहिला सामना पुरेसा समजतो. बाकीचं शेजाऱ्याला विचारा, तेच तर हवंय.

सामन्याआधी दोन्ही राष्ट्रगीतं होतात, अमेरिकेचं आणि कॅनडाचंही, समोरचा संघ कुठलाही असो. नदीपलीकडे कॅनडा दिसतो अशा गावाची ही रीत मला फार आवडते. टोपी काढून उभे राहा.

शेजाऱ्याशी बोलायला थोडा इतिहास

हा संघ १९७० मध्ये व्हँकुव्हरबरोबर एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या मुख्य आइस हॉकी लीगमध्ये, आला. पहिला खेळाडू कुणी निवडायचा हे चाक फिरवून ठरलं. बफेलोच्या वाट्याला ११ ते २० आकडे होते. चाक थांबलं, १ आला असं वाटून व्हँकुव्हरचं अभिनंदनही सुरू झालं, आणि बफेलोचे व्यवस्थापक 'पंच' इमलाक (पंच हे त्यांचं टोपणनाव) म्हणाले, पुन्हा बघा. आकडा ११ होता. त्यातून जिल्बेर पेरो बफेलोला मिळाला आणि त्याने आयुष्यभर ११ नंबरचीच जर्सी घातली. पेरो, रिक मार्टिन आणि रेने रोबेर या तिघांना 'फ्रेंच कनेक्शन' म्हणतात. त्यांचा पुतळा स्टेडियमबाहेर आहे. तिथे भेटायचं ठरवा, गर्दीत चुकामूक होत नाही.

दोनदा सेबर्स स्टॅन्ली कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीत पोचले. १९७५ ला फिलाडेल्फियाकडून हरले. त्या मालिकेतला एक सामना जुन्या ऑडिटोरियममध्ये, म्हणजे सेबर्सच्या तेव्हाच्या स्टेडियममध्ये, मे महिन्याच्या उकाड्यात झाला आणि बर्फावर धुकं दाटलं. अतिरिक्त वेळेत रोबेरने तो जिंकून दिला. दुसरी वेळ १९९९. डॅलसविरुद्ध सहावा सामना, तिसऱ्यांदा अतिरिक्त वेळ, आणि डॅलसच्या ब्रेट हलने केलेला गोल. त्याचा स्केट गोलसमोरच्या निळ्या क्षेत्रात होता, आणि त्या हंगामाच्या नियमाने गोल रद्द व्हायला हवा होता असं इथल्या प्रत्येकाचं मत आहे. लीगने चकती हलच्याच ताब्यात होती म्हणून गोल धरला. "नो गोल" एवढंच म्हणा आणि शेजाऱ्याचं ऐका. मध्ये बोलू नका, ही जखम खरी आहे. तेव्हाचे प्रशिक्षक लिंडी रफ २०२४ मध्ये पुन्हा प्रशिक्षक म्हणून परतले, तेव्हा गावातल्या कितीतरी लोकांना घरचं माणूस परत आल्यासारखं वाटलं.

गोलकीपर डॉमिनिक हाशेकचं नाव लक्षात ठेवा, आणि रिक जेनरेट यांचंही. १९७१ पासून २०२२ पर्यंत त्यांनी सेबर्सचं समालोचन केलं. १९९३ मध्ये बॉस्टनविरुद्ध ब्रॅड मेने मालिका संपवणारा गोल केला तेव्हा ते "मे डे! मे डे!" असे ओरडले, ते आजही इथल्या शाळकरी पोरांना पाठ आहे. ती ध्वनिफीत ऐकून मगच सामन्याला जा.

एक गोष्ट जपून. २०११ नंतर २०२४-२५ पर्यंत लागोपाठ १४ हंगाम सेबर्स प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीत, पोचले नाहीत. एनएचएलमध्ये इतका लांब दुष्काळ दुसऱ्या कुठल्याच संघाने काढलेला नाही. यावरून चेष्टा करू नका. त्या सगळ्या वर्षांत जी माणसं मंगळवारी संध्याकाळी बर्फ तुडवत येऊन बसली, तीच तुमच्या शेजारी आहेत.

खायचं कुठे

सामना बहुतेक वेळा संध्याकाळी सातला. मी साडेचारला घरातून निघते आणि वाटेत जेवते. ॲमहर्स्ट उपनगराच्या बाजूला राहत असाल तर विद्यापीठाच्या साउथ कॅम्पसच्या युनिव्हर्सिटी स्टेशनवर गाडी ठेवा आणि मेट्रो रेल पकडा. एकच मार्ग आहे, मेन स्ट्रीटखालून सरळ दक्षिणेला जातो, आणि डाउनटाउनमधल्या जमिनीवरच्या स्थानकांदरम्यानचा प्रवास तर फुकट आहे. पार्किंगचे पैसे वाचतात, बर्फात गाडी चालवावी लागत नाही, आणि याच मार्गावर जेवणंही आहेत.

मेन स्ट्रीटवरच अँकर बार आहे. १९६४ मध्ये टेरेसा बेलिसिमो यांनी कोंबडीचे पंख तळून तिखट सॉसमध्ये घोळले ते इथे. एकदा जाऊन या. नंतर तुमची जागा शोधा. ॲलनटाउनमधलं गॅब्रिएल्स गेट मला आवडतं, लाकडी, अंधारं, उबदार. ॲलन स्टेशनवरून चालत जाता येतं. ॲमहर्स्टमधलं शेरिडन ड्राइव्हवरचं डफ्स घराजवळ पडतं. तिथे लिहिलेलंच असतं की मीडियम म्हणजे तिखट आणि मीडियम हॉट म्हणजे खूप तिखट. ते खरं माना. आपण कोल्हापुरी रस्सा पचवतो म्हणून हॉट मागवायचा मोह होतो, पण हा तिखटपणा वेगळा आहे: लाल मिरचीचा सॉस, व्हिनेगर आणि बटर. त्याचा ठसका नाकात चढतो. मीडियमपासून सुरुवात करा.

विंग्जना पिठाचं आवरण नसतं. नुसते तळलेले, वरून सॉस, बाजूला सेलरी आणि ब्लू चीज. ब्लू चीजऐवजी रँच सॉस मागू नका. देतील, पण तुम्ही बाहेरचे हे लगेच कळेल. सिंगल म्हणजे साधारण १०, डबल म्हणजे २०. दोघांत एक डबल आणि फ्राइज पुरतात. थोडे करपलेले, कुरकुरीत हवे असतील तर तसं आधीच सांगा. मी नेहमी सांगते.

शुक्रवारचा सामना असेल तर विंग्ज सोडा, फिश फ्राय खा. हॅडॉकचा अख्खा तुकडा पिठात बुडवून तळलेला, ताटाबाहेर येणारा, सोबत कोलस्लॉ आणि बटाट्याचं सॅलड. हे गाव मुळात पोलिश, आयरिश, इटालियन कॅथलिकांचं, शुक्रवारी मांस नको ही त्यांची रीत. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, रांगा लागतात, तेव्हा चारलाच पोचा.

बीफ ऑन वेक, म्हणजे कुमलवेक पावातलं भाजलेलं गोमांस, हा इथला दुसरा अभिमान. आमच्या घरी गोमांस चालत नाही, पण तो पाव, कुमलवेक, सोडू नका. वर जाड मीठ आणि कॅरवे, म्हणजे जिऱ्यासारखं दिसणारं पण वेगळ्या वासाचं बी. सुपरमार्केटात मिळतो. सामना टीव्हीवर बघायचा असला की मी त्यात बटाटेवडा घालते, वर लसणाची चटणी. पावावरचं मीठ जास्त असतं, म्हणून वड्यात कमी घाला.

शाकाहारी मंडळींनी निराश होऊ नये, पण विचारण्यात संकोचही करू नये. विंग्जच्या ठिकाणी फ्राइज बऱ्याचदा त्याच तेलात तळतात, तेव्हा "वेगळा फ्रायर आहे का" हा प्रश्न आधी. माझ्या सासूबाई एक हिवाळा इथे होत्या, त्या कांदा-लसूण खातात पण अंडंही नाही. त्यांच्यासाठी आम्ही नायगरा स्ट्रीटवरच्या वेस्ट साइड बझारला जायचो. निर्वासित म्हणून या गावात आलेल्या कुटुंबांनी तिथे आपापले स्टॉल मांडलेत. इथिओपियन मसूर आणि इंजेरा त्यांना इतका आवडला की त्या दर आठवड्याला विचारायच्या. घावनासारखं आहे गं, म्हणायच्या. नंतर लोगनबेरी प्यायच्या, हे जांभळट-लाल सरबत मुळात पलीकडे कॅनडातल्या क्रिस्टल बीच या करमणूक उद्यानातलं. ते उद्यान १९८९ ला बंद झालं, सरबत मात्र बफेलोने सोडलं नाही.

जिथे आवडेल तिथे पुन्हा जा, शक्यतो त्याच वारी. बारमध्ये काम करणारी बाई तुमची ऑर्डर ओळखू लागली की सेबर्सचा रात्रीचा निकालही तीच आधी सांगते. टिप बिलाच्या २० टक्के ठेवा, बर्फाच्या दिवशी थोडी जास्त. ती माणसं त्याच रस्त्यांवरून कामावर आलेली असतात.

हवामान आणि मुलं

तलावाकडून येणारा बर्फ इथे पट्ट्यात पडतो. तुमच्या दारात ऊन आणि दक्षिणेला गुडघाभर बर्फ, असंही होतं. काउंटीने प्रवासबंदी जाहीर केली तर ती पाळा, सामना कितीही मोठा असो. २०१४ च्या नोव्हेंबरात आणि २०२२ च्या डिसेंबरातल्या हिमवादळात सेबर्सचेही सामने पुढे ढकलले गेले होते. तिकीट फोनवर असतं, म्हणून बॅटरी भरलेली ठेवा. थंडीत ती लवकर उतरते. मोठी सॅक नेऊ नका.

मुलं असतील आणि सेबर्सची तिकिटं जड वाटली तर रॉचेस्टरला जा. तिथला अमेरिकन्स हा संघ, लोक 'अमर्क्स' म्हणतात, १९५६ पासूनचा आहे, आणि सेबर्सचे तरुण खेळाडू तिथेच तयार होतात. गाडीने सव्वा तास, तिकीट बरंच स्वस्त, आणि पुढच्या रांगेत बसणं परवडतं. आज तिथे पाहिलेला पोरगा पुढच्या हंगामात कीबँक सेंटरमध्ये दिसला की मुलं उभी राहून त्याचं नाव घेतात. मुलांना जाड मोजे घाला, रिंकजवळची थंडी पायातूनच चढते.