जर्मनच्या ए-वन परीक्षेतलं तीस शब्दांचं पत्र कसं लिहावं

नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात सीएनसी मशीन चालवणारा माझा एक विद्यार्थी. सराव परीक्षेत त्याला एका जर्मन भाषाशाळेला पत्र लिहायचं होतं: सप्टेंबरात कोर्स करायचाय, माहिती मागवा. तीन मुद्द्यांपैकी दुसरा म्हणजे नुसता एक शब्द, ‘प्राइस?’. पठ्ठ्याने लिहिलं, ‘डेर प्राइस इस्ट त्स्वायहुंडर्ट ऑयरो’ (किंमत दोनशे युरो आहे). शाळेची फी शाळेलाच सांगून मोकळा! वाक्यात व्याकरणाची एक चूक नाही, तरी त्या मुद्द्याला मी शून्य दिला. तो दोन दिवस माझ्यावर नाराज होता.

गंगापूर रोडला घरीच क्लास घेते, त्यामुळे अशा वह्या रोज तपासते. व्याकरण कच्चं म्हणून गुण जाणारे थोडे. काय विचारलंय तेच न वाचल्याने जाणारे जास्त.

आधी हिशोब समजून घ्या. ग्योटे इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे आपल्याकडच्या मॅक्स म्युलर भवनाच्या, ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पातळीच्या, परीक्षेत ‘श्रायबेन’ला (लेखनाला) साधारण 20 मिनिटं असतात. त्यात एक फॉर्म आणि एक छोटं पत्र. पत्र साधारण 30 शब्दांचं, मुद्दे तीन, प्रत्येकावर एक-दोन वाक्यं. पत्राला 10 गुण: प्रत्येक मुद्द्याला 3 प्रमाणे 9, आणि मायना, शेवट, पत्राचा एकूण घाट याला मिळून 1. वाक्य समजतंय तोवर एखादी बारीक चूक पोटात घातली जाते. गाळलेला मुद्दा मात्र सरळ तीन गुण घेऊन जातो. एवढं असूनही मुलं मायना सुंदर अक्षरात कोरत बसतात आणि तिसरा मुद्दा राहून जातो.

फॉर्मचं थोडक्यात सांगते. तो बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाचा असतो, मैत्रिणीचा किंवा शेजाऱ्याचा. सवयीने स्वतःचं नाव लिहू नका. ‘फोरनामे’ म्हणजे पहिलं नाव, ‘फामीलिएननामे’ म्हणजे आडनाव. वडिलांचं नाव कुणी विचारत नाही. जर्मनीचा पिनकोड पाच आकडी असतो आणि शहराच्या नावाआधी येतो. फॉर्मवर चार-पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवू नका.

आता पत्र. पुढची जर्मन वाक्यं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. स्पेलिंग पाठ्यपुस्तकातून वहीत उतरवून घ्या. ‘झी’मधला झ ‘झाडा’तला, ‘झेंड्या’तला नव्हे.

लिहिण्याआधी: कुणाला, आणि सांगायचं की विचारायचं

प्रश्नात ‘फ्राउ’ (श्रीमती) किंवा ‘हेर’ (श्री.) आणि आडनाव असेल, किंवा ऑफिस, हॉटेल, शाळा असेल, तर ‘झी’, म्हणजे आपलं ‘तुम्ही’. नुसतं पहिलं नाव असेल तर ‘डू’, म्हणजे ‘तू’. इंग्रजीला हा भेद नाही, आपल्याला आहे, म्हणून हे सोपं जाईल असं वाटतं. पण आपण वडिलांना अहो-जाहो करणारी माणसं. जर्मन नात आजीलाही ‘डू’च म्हणते. त्यामुळे घरच्यांना लिहिताना ‘झी’ नको.

मग तिन्ही मुद्द्यांपुढे पेन्सिलने एक खूण करा. सांगायचं असेल तर ‘सां’, विचारायचं असेल तर ‘वि’. ‘वारूम श्रायबेन झी?’ (तुम्ही का लिहिताय?) म्हणजे सांगायचं. नुसता ‘प्राइस?’ किंवा ‘आड्रेसे?’ म्हणजे समोरच्याला विचारायचं. अंबडच्या त्या मुलाने ही एक खूण केली असती तर तीन गुण वाचले असते.

मायना

कोण वाचणार ते माहीत नसेल तर ‘झेअर गेएअर्टे डामेन उंड हेरेन’. बाई असेल तर ‘झेअर गेएअर्टे फ्राउ केलर’, पुरुष असेल तर ‘झेअर गेएअर्टर हेर केलर’. शेवटचा तो ‘र’ विसरू नका. पुढे येतं ते आडनावच. आपल्याकडे ‘अंजलीमॅडम’ म्हटलं की आदर होतो. जर्मनमध्ये ‘फ्राउ आना’ म्हटलं तर ते विचित्र दिसतं.

मायन्यानंतर स्वल्पविराम. मग नवी ओळ, आणि तिचं पहिलं अक्षर लहान, कारण त्यांच्या लेखी वाक्य स्वल्पविरामानंतर पुढे चालूच असतं. इंग्रजी माध्यमाच्या मुलांचा हात इथे हमखास चुकतो. ‘इश’ म्हणजे ‘मी’सुद्धा वाक्याच्या मध्ये आला तर लहान. उलट प्रत्येक नाम कॅपिटल, मग ते टेबल असो की डॉक्टर.

‘झी’ आणि ‘ईर’ या आदरार्थी रूपांचं पहिलं अक्षर कॅपिटलच हवं. ‘ईरे ई-मेल’ कॅपिटलने लिहिलं तर ‘तुमचा ई-मेल’, लहानाने लिहिलं तर ‘तिचा ई-मेल’. कोण ही ‘ती’, असा प्रश्न केलरबाईंना पडायला नको.

मधला मजकूर

समजा, प्रश्न असा आहे: मंगळवारी तुम्ही कोर्सला जाऊ शकत नाही, शिक्षिका फ्राउ केलर यांना लिहा. मुद्दे: का येत नाही, गृहपाठ, टेस्ट कधी.

आपल्याला शाळेपासून वळण लागलंय विनंती अर्जाचं. ‘महोदय, मी खाली सही करणार, आपणास नम्र विनंती करते की…’ आणि शेवटी ‘कळावे’. मनातल्या मनात ते जर्मनमध्ये उतरवायला गेलं की 30 शब्द पहिल्या दोन ओळींतच संपतात. जर्मन पत्र मुद्द्यालाच हात घालतं. माझं उत्तर असं:

झेअर गेएअर्टे फ्राउ केलर,
इश कान आम डीन्सटाग लायडर निश्ट त्सूम कुर्स कोमेन. इश मुस त्सूम आर्त्स्ट गेएन. वास इस्ट डी हाउसआउफगाबे? वान इस्ट डेर टेस्ट? बिटे श्रायबेन झी मीर आयने ई-मेल. फीलेन डांक!
मिट फ्रॉइंडलिशेन ग्र्यूसेन
(खाली तुमचं नाव)

म्हणजे: मंगळवारी मी कोर्सला येऊ शकत नाही, खेद वाटतो. डॉक्टरकडे जायचंय. गृहपाठ काय आहे? टेस्ट कधी आहे? कृपया मला ई-मेल लिहा. आभारी आहे! मायना आणि शेवट सोडून जर्मन शब्द मोजा, बरोबर 30 भरतात. ‘लायडर’ म्हणजे ‘खेद वाटतो’ एवढाच, पण त्या एका शब्दात आपला सगळा नम्रपणा येतो. त्याच्यावर आणखी साखर पेरू नका.

आता पहिलं वाक्य जवळून पाहा. मराठीत आपण म्हणतो, ‘मी मंगळवारी क्लासला येऊ शकत नाही.’ सगळी क्रियापदं शेवटी. म्हणून मुलं लिहितात, ‘इश आम डीन्सटाग निश्ट त्सूम कुर्स कोमेन कान.’ आपल्या कानाला ते बरोबर वाटतं, आणि तिथेच फसगत होते. साध्या जर्मन विधानवाक्यात चालतं क्रियापद दुसऱ्या जागेवर बसतं. ‘कान’ (शकणे) उचलून दुसऱ्या जागेवर आणायचं, आणि ‘कोमेन’ (येणे) मात्र आपल्या मराठी जागी, शेवटी, ठेवायचं. वाक्य ‘मंगळवारी’ने सुरू केलं तरी दुसरी जागा क्रियापदाचीच: ‘आम डीन्सटाग कान इश…’. ‘मी’ बिचारा तिसऱ्या जागी जातो.

गंमत अशी, की ‘वाइल’ म्हणजे ‘कारण’ आला की जर्मन चक्क मराठीसारखी वागते. ‘वाइल इश क्रांक बिन’: कारण, मी, आजारी, आहे. शब्दाला शब्द जुळतो! इंग्रजीवरून शिकणाऱ्यांना हे जड जातं. आपण आईच्या भाषेत विचार करायचा, की झालं. तरीही ए-वनला ‘वाइल’ची सक्ती नाही. अडलात तर दोन छोटी वाक्यं करा: ‘इश बिन क्रांक. इश कान निश्ट कोमेन.’ गुण तेवढेच.

वेळ सांगणारे तीन छोटे शब्द बहुतेक पत्रांत लागतात: वाराआधी ‘आम’, घड्याळाच्या वेळेआधी ‘उम’, महिन्याआधी ‘इम’. कोणता कुठे, हा गोंधळ क्लासमध्ये महिनाभर चालायचा. मग एकीने विचारलं, ‘मॅडम, आपणही सोमवारी, दहा वाजता, ऑगस्टमध्ये असं तीन तऱ्हांनीच म्हणतो ना?’ खरंच की! तेव्हापासून मी हे असंच शिकवते. तारखेच्या आकड्यानंतर टिंब द्यायचं, कारण ते ‘पंधरा’ नसून ‘पंधरावा’ असतं.

प्रश्न विचारताना प्रश्नचिन्ह न विसरता द्या. शब्द कमी पडत असतील तर ‘बिटे श्रायबेन झी मीर’ हे वाक्य जवळपास कुठल्याही औपचारिक पत्रात चालतं.

शेवट

‘मिट फ्रॉइंडलिशेन ग्र्यूसेन’ (स्नेहपूर्ण नमस्कार), एका ओळीत. त्यानंतर स्वल्पविराम नाही, खालच्या ओळीत नाव. मायना ‘झेअर गेएअर्टे’ आणि शेवट ‘च्यूस’ असं करू नका. ते लग्नपत्रिकेवर ‘चल, बाय’ लिहिण्यासारखं आहे. ‘ग्र्यूसेन’मध्ये ते बी-सारखं दिसणारं अक्षर, एस-त्सेट, येतं. इंग्रजी बी काढू नका. हात वळत नसेल तर दोन एस लिहा. स्वित्झर्लंडमध्ये सगळे तसंच लिहितात. उमलाउटची, म्हणजे काही स्वरांच्या डोक्यावरची, दोन टिंबं मात्र द्याच. त्यांच्याशिवाय ‘श्योन’ (सुंदर) चं ‘शोन’ (आधीच) होतं.

शेवटची चार मिनिटं राखून ठेवा आणि या क्रमाने तपासा: तिन्ही मुद्दे आले का, विचारायचं ते विचारलं का, क्रियापद दुसऱ्या जागी आहे का, नामं कॅपिटल आहेत का. पहिल्या दोन गोष्टींनी पास होता, पुढच्या दोन्हींनी फक्त गुण वाढतात. सगळं उत्तरपत्रिकेवरच उतरलंय ना, हेही बघा. कच्च्या कागदावरचं कुणी तपासत नाही. परीक्षेला पुण्याला जायचं असेल तर आदल्या दिवशीच निघा. सिन्नर, संगमनेर, मंचर करत पहाटेच्या बसमध्ये पाठ केलेला मायना चाकणच्या ट्रॅफिकपर्यंत टिकत नाही.

सरावासाठी एक विषय देते. घड्याळ लावून, हाताने, रेघांच्या कागदावर लिहा. तुम्ही जर्मनीत भाड्याने राहता, घरातली ‘हायत्सुंग’ बिघडली आहे, घरमालक हेर बेकर यांना लिहा. मुद्दे: काय झालंय, दुरुस्तीला कधी येणार, तुम्ही घरी कधी असता. हायत्सुंग म्हणजे घर गरम ठेवणारी यंत्रणा, गीझर नव्हे. निफाडचा पारा दर हिवाळ्यात बातम्यांत येतो, तरी आपल्या घरांत ती नसते, म्हणून सांगितलं. ‘बिघडली’साठी शब्द ‘कापुट’. तीन मुद्द्यांतला ‘वि’ कुठला, ते आधी ठरवा.