चोराला जादू द्या, पण त्याचा विझार्ड करू नका

आमच्या ठाण्याच्या घरी रविवारी जेवणाची ताटं उचलली की त्याच टेबलावर डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका घेऊन फाशांवर खेळायच्या खेळाचा नकाशा पसरतो. डीएम, म्हणजे गोष्ट रचणारी आणि खेळ चालवणारी, मी. भाचा 'रोग', म्हणजे इंग्रजीतला चोर, खेळतो. (आई अजून घाबरून विचारते, "कुणाला झालाय रोग?" म्हणून यापुढे चोरच म्हणते.) तिसऱ्या लेव्हलला पोचल्या पोचल्या त्याने जाहीर केलं, "मावशी, मला जादू पाहिजे."

२०१४च्या प्लेअर्स हँडबुकात, म्हणजे नियमांच्या पुस्तकात, याची सोय आहे: जादू येणारे उपप्रकार, चोरासाठी आर्केन ट्रिकस्टर, फायटरसाठी (लढवय्यासाठी) एल्ड्रिच नाइट. पण आम्ही एसआरडी ५.१ या फुकटच्या, आखूड नियमसंचावर खेळतो. त्यात चोराला फक्त थीफ आणि फायटरला फक्त चॅम्पियन मिळतो. म्हटलं, घरीच करू.

पहिल्या रविवारी मी त्याला विझार्डच्या (जादूगाराच्या) यादीतून फायर बोल्ट हे आगीचं स्पेल, म्हणजे मंत्र, उचलून दिलं. दोनदा फेकलं आणि तिसऱ्यांदा त्याने गुपचूप शॉर्टस्वर्ड काढली. गणित मी आधी करायला हवं होतं. फायर बोल्टची इजा एक डी१०, म्हणजे दहा बाजूंचा फासा, सरासरी साडेपाच. शॉर्टस्वर्डचा एक डी६, त्यात डेक्स्टेरिटीचे (चपळाईचे) ३, वर स्नीक अटॅकचे (चोरट्या वाराचे) दोन डी६, असे मिळून साडेतेरा. स्नीक अटॅक फिनेस (चपळाईने चालवायच्या) किंवा लांबून मारायच्या शस्त्रालाच लागतो, स्पेलला नाही. म्हणजे जादू केली की बिचाऱ्याचं नुकसानच!

म्हणून कागदावर पहिल्यांदा हे लिहा: हा क्लास (पात्राचा प्रकार) आपल्या टर्नला (पाळीला) नेमकं करतो काय? चोर ॲक्शनमध्ये (पाळीतल्या मुख्य कृतीत) मारतो आणि बोनस ॲक्शनमध्ये (जोडीच्या छोट्या कृतीत) लपतो, पळतो किंवा शत्रूच्या कचाट्यातून निसटतो. मारणं त्याचं चांगलंच चाललंय, तिथे हात लावू नका. जादू निसटण्यात घाला. त्यातून आमचं 'सावलीउडी' निघालं: बोनस ॲक्शन, ३० फुटांच्या आत, दिसणाऱ्या जागी गायब होऊन प्रकट व्हायचं.

आता किती वेळा? मी म्हटलं, हवं तितक्यांदा. पुढच्याच रविवारी मी तीन संध्याकाळी खपून रचलेला तुरुंग त्याने एका टर्नमध्ये संपवला. गजांतून पलीकडचा बोळ दिसत होता, उडी मारली, गेला. बाकीचे तिघे कोठडीत बसून माझ्याकडे बघत होते.

अशा वेळी छापील नियमांत त्याच ताकदीचं काय आहे ते शोधा आणि ते कुणाला, कोणत्या लेव्हलला, किती वेळा मिळतं ते बघा. सावलीउडी म्हणजे जवळजवळ मिस्टी स्टेप. ते दुसऱ्या पातळीचं स्पेल, आणि तिसऱ्या लेव्हलच्या विझार्डकडे त्या पातळीचे स्लॉट (स्पेल टाकायच्या संधी) दोन. मग चोराला लाँग रेस्टमागे (रात्रभराच्या विश्रांतीमागे) दोनच उड्या, आणि अट अशी की दोन्ही टोकांना अंधुक उजेड किंवा काळोख हवा. शिवाय हे थीफच्या जागी मिळतं, थीफच्या वर नाही. घरगुती जादूत हमखास चूक होते ती इथे: सगळं तसंच ठेवून वरून वाटी भरायची, आणि मग फायटर खेळणारा तोंड पाडून बसतो.

बार्बेरियनचं (रानटी योद्ध्याचं) प्रकरण वेगळं. रेज म्हणजे अंगात येणं, असं सांगितलं की आमच्याकडे लगेच कळतं. अंगात आलेला माणूस सावकाश मंत्र म्हणत बसत नाही. नियमही तेच सांगतो: रेजमध्ये स्पेल टाकता येत नाही, आधी टाकलेल्यावर कॉन्सन्ट्रेशनही (ते टिकवायची एकाग्रताही) राहत नाही. म्हणून त्याला स्पेलची यादी देणं फुकट आहे. जादू रेजमध्येच मुरवा. आमच्याकडच्या बार्बेरियनची कुऱ्हाड रेज सुरू होताच पेटते आणि प्रत्येक टर्नला लागलेल्या पहिल्या घावाला आगीचा एक डी६ जास्त. तिसऱ्या लेव्हलला लाँग रेस्टमागे रेज तीनच, त्यामुळे वेगळे स्लॉट मोजायचे नाहीत. त्या बदल्यात बर्सर्कर या त्याच्या उपप्रकाराची फ्रेन्झी ही ताकद मात्र सोडावी लागली.

फायटरला स्पेल देणार असाल तर एवढंच: त्याचे हात मोजा. एका हातात तलवार, दुसऱ्यात ढाल, मग हातवाऱ्यांचं स्पेल कोणत्या हाताने करणार? हे लढाईच्या मधोमध आठवलं की वाद अर्धा तास चालतो.

नवा नियम कॅरेक्टर शीटवर पेन्सिलनेच लिहायचा आणि तीन बैठका तसाच ठेवायचा. खेळणाऱ्याला आधीच सांगा की तो बदलू शकतो. नंतर काढून घेतलं की रुसवा ठरलेला.

भाच्याची मागणी आहे की पाचव्या लेव्हलला दोन उड्यांच्या तीन करा. मी म्हटलं, बघू. तुरुंगात आता रखवालदार रात्रभर मशाल लावून बसतो.